वर्ध्याच्या कोर्टात गाझाची केस चालेल का?

जुम्म्याची नमाज झाली की मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर आमची बैठक जमते. मध्यंतरी अशाच एका जुम्म्याला तीन-चार पोरं मोबाइलवर गाझाचा व्हिडिओ बघत उभी होती. ढिगाऱ्यातून एका लहान मुलीला बाहेर काढत होते. कुणी बोलत नव्हतं. मग बी.ए.ला असलेल्या एकानं मोबाइल खिशात टाकला आणि मला विचारलं, "वकीलसाहेब, आपल्या वर्ध्याच्या कोर्टात गाझाची केस टाकता येते का?"

मी हसलो. "अरे, वर्ध्याच्या कोर्टात वर्ध्याच्या बांधाच्या केसेस वीस वर्षं चालतात," असं म्हणून मी विषय उडवून लावला. पोरं हसली, चहा संपला, सगळे पांगले.

पण घरी आल्यावर ते हसणं मलाच टोचायला लागलं. प्रश्न चुकीचा नव्हता, माझं उत्तर आळशी होतं. रात्री कायद्याची पुस्तकं काढून बसलो आणि मला कळलं की मी त्या मुलाला चुकीचं सांगितलं होतं. कागदावर तरी त्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे. ते "हो" प्रत्यक्षात "नाही" का होतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

एक विसरलेला कायदा

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये जिनिव्हा इथं चार करार झाले. जखमी सैनिक, युद्धकैदी आणि युद्धात सापडलेले सामान्य नागरिक यांच्याशी कसं वागायचं, हे त्यांत ठरलं. भारतानं ते मान्य केले आणि त्यांच्या अंमलासाठी संसदेनं १९६० साली 'जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट' केला. हा कायदा आजही लागू आहे.

त्याचं तिसरं कलम म्हणतं की भारतात किंवा भारताबाहेर, कोणत्याही व्यक्तीनं या करारांचा गंभीर भंग केला तर तो गुन्हा आहे. करारानं संरक्षण दिलेल्या माणसाला जाणूनबुजून ठार मारलं तर फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर भंगांसाठी चौदा वर्षांपर्यंत कैद. लक्षात घ्या, "कोणत्याही व्यक्तीनं". गुन्हेगार भारतीय असायला हवा अशी अट नाही, मेलेला भारतीय असायला हवा अशीही नाही. चौथं कलम सांगतं की गुन्हा परदेशात घडला असला तरी आरोपी भारतात जिथं सापडेल, तिथंच तो घडला असं समजून त्याच्यावर कारवाई करता येईल. आणि खटला कुठं चालवायचा? सत्र न्यायालयाच्या खाली नाही, असं पाचवं कलम म्हणतं. वर्ध्याला जिल्हा व सत्र न्यायालय आहे. म्हणजे युद्धगुन्ह्याचा आरोपी उद्या वर्धा स्टेशनवर उतरला आणि सापडला, तर कायद्याच्या भाषेत त्याचा गुन्हा वर्ध्यातच घडला!

इथपर्यंत वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. मग सतरावं कलम आलं. या कायद्याखालच्या कोणत्याही गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त सरकारच्या, किंवा केंद्र सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरूनच घेऊ शकतं. ज्याचं घर उद्ध्वस्त झालं, ज्याचं लेकरू गेलं, तो तक्रार करू शकत नाही. तुम्ही-मी तर नाहीच नाही.

म्हणजे कोर्ट आहे, कायदा आहे, दार आहे. दाराला कुलूप आहे आणि किल्ली सरकारच्या खिशात आहे. माझं म्हणणं या किल्लीबद्दल आहे.

दुसऱ्याच्या गावात इन्साफ

"एका देशातल्या गुन्ह्याचा खटला दुसऱ्या देशात कशाला?" असं अनेकांना वाटतं. हे समजायला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही, मुंबईचं उदाहरण पुरेसं आहे.

मार्च २००२ मध्ये गुजरातच्या दाहोद जिल्ह्यात बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्यांच्या घरची माणसं मारली गेली, त्यांत त्यांची लहान मुलगीही होती. स्थानिक पोलिसांनी प्रकरण गुंडाळून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला आणि ऑगस्ट २००४ मध्ये खटला अहमदाबादहून मुंबईला हलवला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं अकरा जणांना जन्मठेप दिली. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली, शिवाय सुटलेल्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी ठरवलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी गुजरात सरकारनं त्या अकरा जणांना मुदतीआधी सोडलं, तेव्हा ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. कारण काय दिलं? शिक्षा महाराष्ट्रात झाली, त्यामुळे माफीचा विचार करण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच.

जवळचं कोर्ट भीतीखाली असेल, तिथलं सरकारच आरोपींच्या बाजूला झुकलेलं असेल, तर खटला दूर न्यावा लागतो. यात गुजरातच्या जनतेचा अपमान नाही आणि मुंबईकरांची मेहेरबानीही नाही. इन्साफ हा जागेचा मोहताज नसतो, एवढंच. हाच विचार देशांच्या सीमेपलीकडे नेला की त्याला 'वैश्विक अधिकारक्षेत्र' म्हणतात. काही गुन्हे, म्हणजे वंशसंहार, युद्धगुन्हे, छळ, मानवतेविरुद्धचे गुन्हे, इतके मोठे असतात की ते एका गावाचे किंवा एका देशाचे राहत नाहीत. मग कोणत्याही देशाच्या साध्या, राष्ट्रीय न्यायालयात त्यांचा खटला चालवता येतो. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं. तिथं ज्या देशांनी रोम करारावर सही केली नाही, त्यांच्यापर्यंत हात सहज पोहोचत नाही. भारतानं ती सही केलेली नाही. इस्राएल, म्यानमार, चीन, अमेरिका, रशिया यांपैकीही आज कुणी त्या न्यायालयाचा सदस्य नाही. म्हणून राष्ट्रीय न्यायालयांचं महत्त्व वाढतं.

हे केवळ पुस्तकी नाही. सीरियाच्या गुप्तचर खात्यातला कर्नल अन्वर रस्लान २०१४ मध्ये निर्वासित म्हणून जर्मनीत आला. त्यानंच ज्यांना तुरुंगात टाकलं होतं, त्यांपैकीही काही जण तोवर बर्लिनमध्ये निर्वासित झाले होते. त्यांनी त्याला ओळखलं. कोब्लेन्झ शहराच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि १३ जानेवारी २०२२ रोजी त्याला जन्मठेप झाली. दमास्कसच्या एका तुरुंगातला किमान चार हजार माणसांचा छळ आणि २७ खून त्याच्या माथी आले. खटल्यात प्रेतं पुरणाऱ्या एका माणसानंही साक्ष दिली.

रोहिंग्यांचं उदाहरण त्याहून दूरचं. म्यानमारच्या लष्करानं २०१७ मध्ये गावंच्या गावं जाळली. म्यानमारच्या कोर्टात जाणार कोण? लंडनमधल्या रोहिंग्या संघटनेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये थेट अर्जेंटिनात तक्रार केली. आधी नकार मिळाला. अपिलात गेले. कॉक्स बझारच्या छावणीतल्या बायकांनी तिथूनच, दूरस्थ पद्धतीनं, आपली हकिगत न्यायाधीशांना सांगितली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्युनोस आयर्सच्या न्यायालयानं तपासाचा आदेश दिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करप्रमुख मिन आँग लाइंगसह अनेकांविरुद्ध अटक वॉरंट निघालं. वॉरंट निघालं म्हणजे माणूस पकडला गेला असं नाही. पण ज्यांना त्यांच्या देशानं नागरिक मानायलाही नकार दिला, त्यांना एका परक्या कोर्टानं फिर्यादी मानलं. ही छोटी गोष्ट नाही.

आणि या सगळ्या ठिकाणी पीडितांना स्वतः दार वाजवता आलं. हा फरक विसरू नका.

आपल्याच जिल्ह्यातलं बंद दार

आता वर्ध्याकडे या. आपल्या जिल्ह्यात आष्टी तालुका आहे, कागदोपत्री आणि बोलण्यातही 'आष्टी (शहीद)'. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव'च्या हाकेनंतर आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्याच दिवशी शेजारच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात चिमूरलाही तसंच घडलं. गोळीबारानंतर खवळलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना ठार केलं. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो.

पुढचं फारसं शिकवत नाहीत. त्यानंतर चिमूरमध्ये लष्कर शिरलं. पुरुषांना पकडून नेलं होतं. घरांत बायका आणि मुलं उरली होती. घरं लुटली गेली आणि बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. नागपूरहून गेलेल्या महिलांनी आणि डॉ. मुंजे यांच्यासारख्या नेत्यांनी त्या तक्रारी ऐकल्या, नोंदवल्या, सरकारकडे मांडल्या. सरकारनं चौकशीला नकार दिला.

तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी उठले. गांधीजी तुरुंगात होते. भन्साळी दिल्लीला बापूजी अणे यांच्याकडे गेले. अणे आपल्या वणीचे, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मागणी एकच, चिमूरच्या बायकांच्या तक्रारींची निःपक्ष चौकशी करा. मागणी मान्य होईना, तेव्हा नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांनी उपोषण सुरू केलं. ते ६३ दिवस चाललं. सरकारनं त्याच्या बातम्यांवर बंदी घातली, तर वृत्तपत्रांनी एक दिवस अंक बंद ठेवून निषेध केला. १२ जानेवारी १९४३ रोजी तडजोडीनं उपोषण सुटलं. बातम्यांवरची बंदी उठली, बाहेरच्यांना गावात जाता येऊ लागलं. स्वतंत्र चौकशी मात्र झालीच नाही.

दुसरीकडे, अधिकाऱ्यांच्या खुनाचे खटले विशेष न्यायालयांत झपाट्यानं चालले. आष्टी-चिमूरच्या अनेकांना फाशी झाली. अनसूयाबाई काळे आणि इतरांनी ती रद्द व्हावी म्हणून मोहीम चालवली आणि १९४५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. खून झाले होते, खटला व्हायलाच हवा होता, यात वाद नाही. पण एकाच घटनेतले दोन गुन्हे. सरकारी माणसं मेली त्याचा निकाल वर्षाच्या हिशेबात लागला. सरकारी माणसांनी जे केलं त्याची साधी फिर्यादही नोंदली गेली नाही.

का? आणखी एक तारीख सांगतो. १५ ऑगस्ट १९४२. आष्टी-चिमूरच्या आदल्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा वटहुकूम काढला होता. त्याखाली कारवाई करणाऱ्यावर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नव्हता. कुलूप आधी लावलं गेलं, गुन्हा मागून झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये ईशान्य भारतासाठी जो 'अफ्स्पा' आला, तो याच वटहुकुमाच्या धर्तीवर. त्यातही तेच कुलूप आहे. सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना केलेल्या गुन्ह्यासाठी खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी, हा नियम साध्या फौजदारी प्रक्रियेतही आहे. जुन्या संहितेत १९७ वं कलम होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २१८ वं.

म्हणजे १९४२ चा वटहुकूम, १९६० चं सतरावं कलम आणि आजचं २१८ वं कलम, तिन्ही ठिकाणी किल्ली त्याच खिशात आहे. गोरे गेले, खिसा बदलला नाही.

गुन्ह्याला नावच नाही

कुलपाच्या जोडीला दुसरी अडचण आहे. भारतानं वंशसंहारविरोधी करारावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. तरी आपल्या फौजदारी कायद्यात वंशसंहार हा गुन्हा नाही, मानवतेविरुद्धचा गुन्हाही नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. दीडशे वर्षांनी पाटी कोरी करायची संधी होती. ही दोन नावं तेव्हाही त्यात आली नाहीत. छळविरोधी करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण मान्यता आजही दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेनं छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

हे मी एक मुस्लिम वकील म्हणून गळा काढतोय, असं समजू नका. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात सज्जन कुमार यांना जन्मठेप दिली. घटनेला ३४ वर्षं झाली होती. त्या निकालात न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या देशी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीनं बुजवली पाहिजे. १९८४ च्या जोडीला न्यायालयानं १९९३ ची मुंबई, २००२ चं गुजरात, २००८ चं कंधमाल, २०१३ चं मुजफ्फरनगर यांची नावं घेतली. शीख, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे त्या यादीत आहेत. कारण सूत्र एकच. अल्पसंख्याकांना लक्ष्य केलं जातं, पोलीस बघत राहतात, राजकीय आश्रयामुळे आरोपी सुटतात.

नाव नसल्यानं काय होतं? शेकडो माणसांची ठरवून केलेली हत्या कोर्टात 'दंगल' आणि सुटे सुटे खून म्हणून येते. प्रत्येक खून वेगळा, प्रत्येक साक्षीदार वेगळा. कट रचणारा, हुकूम देणारा, डोळे मिटून बसलेला अधिकारी या तुकड्यांच्या मधल्या फटीतून निसटतो. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी न्या. श्रीकृष्ण आयोगानं केली. सुमारे ९०० मृत्यूंची नोंद झाली. १९९८ मध्ये अहवाल आला, त्यात माणसांची नावं होती, पोलीस अधिकाऱ्यांवर ठपका होता. पण आयोगाचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे, तो सरकारवर बंधनकारक नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना भरपाई द्या, असं सांगावं लागलं. तीस वर्षांनी!

आपल्याच भागातल्या एका माणसाचा उल्लेख इथं करतो. मोहम्मद हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, नागपुरात वकिली केली, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश. मुसलमान समाजातून त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले. १९६९ मध्ये त्यांच्यासमोर गोव्याचं एक प्रकरण आलं. गोवा भारतात आल्यावर पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलेले एक धर्मगुरू, मोन्सिन्योर मोंतेरो, यांना देश सोडायला सांगितलं होतं. त्यांनी जिनिव्हा करारांचा आधार घेतला. न्यायालयानं तो मानला नाही. त्यातलं एक मत आपल्या कामाचं आहे. १९६० चा कायदा करारभंगाबद्दल शिक्षा सांगतो, पण संरक्षित व्यक्तीला न्यायालयात जाऊन मागता येईल असा हक्क तो देत नाही. म्हणजे सरन्यायाधीशांनीही ५० हून अधिक वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं होतं की पीडिताला या दारातून आत येता येत नाही. तो दोष न्यायाधीशांचा नव्हता, कायद्याचा होता. आणि कायदा बदलणं हे संसदेचं, म्हणजे शेवटी आपलं काम.

"हे सगळं ताकदवानांचं नाटक आहे"

टपरीवरची पोरं हे म्हणतीलच. त्यात तथ्य आहे. बेल्जियमचा कायदा एकेकाळी जगात सर्वांत मोकळा होता. अमेरिकी नेत्यांविरुद्ध तक्रारी आल्या, अमेरिकेनं डोळे वटारले आणि २००३ मध्ये बेल्जियमनं तो गुंडाळला. स्पेननंही २०१४ मध्ये आपला कायदा आखडून घेतला. सीरियाच्या कर्नलला जन्मठेप देणारे देश गाझाच्या बाबतीत जड पावलांनी चालतात, हे आपण रोज बघतोय. जानेवारी २०२५ च्या सुमारास ब्राझीलच्या न्यायालयानं सुट्टीवर आलेल्या एका इस्राएली सैनिकाविरुद्ध तपासाचा आदेश दिला, तर तो देश सोडून निघून गेला.

पण यावरून काय शिकायचं? तराजूत मारलेली काटछाट दिसली म्हणून कुणी तराजू फेकून देत नाही, वजनं तपासून घेतो.

आणि वजन तपासायचं तर आपलंही तपासावं लागेल. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे मुसलमान होता. त्याच्या आठ वर्षांच्या राजवटीत चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज चाडच्याच चौकशी आयोगानं दिला. तो सेनेगलमध्ये आरामात राहत होता. सेनेगल मुस्लिमबहुल देश. तिथल्याच न्यायव्यवस्थेत आफ्रिकी संघाच्या मदतीनं विशेष न्यायालय बसलं आणि ३० मे २०१६ रोजी त्याला जन्मठेप झाली. यझिदी मुलीला उन्हात बांधून मारणाऱ्या 'इस्लामिक स्टेट'च्या माणसाला नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयानं वंशसंहाराचा दोषी ठरवलं. या दोन निकालांवर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किती मेसेज आले होते? मला एकही आठवत नाही, माझा स्वतःचाही नाही.

आपल्या देशातही तसंच. काश्मिरी पंडितांच्या हत्यांचे २१५ खटले पुन्हा उघडा, ही मागणी जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. कारण दिलं, २७ वर्षं झाली, आता पुरावा कुठून आणणार? आपण जो कायदा मागतो तो पंडितांच्याही कामाचा आहे, शिखांच्याही, खैरलांजीच्या दलितांच्याही. मजलूम कोण हे नाव बघून ठरवायला लागलो तर आपण न्याय मागत नाही, वाटा मागतो.

मग आपण काय करायचं?

पहिलं काम मागणीचं. ती साधी आहे आणि वर्ध्याच्या खासदारांना एका पानाच्या पत्रात लिहिता येते. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे न्याय संहितेत आणा. १९६० च्या कायद्यातलं सतरावं कलम बदला आणि पीडिताला थेट न्यायालयात तक्रार करू द्या. सरकारला खोट्या तक्रारींची भीती वाटत असेल तर आधी न्यायाधीशांनी छाननी करावी, पण किल्ली न्यायाधीशाच्या हातात असू द्या. छळविरोधी कायदा करा. हे पत्र फक्त मुस्लिम तरुणांच्या सहीनं जाऊ नये. सेवाग्रामचे कार्यकर्ते, दलित संघटना, शीख बांधव, सगळ्यांच्या सह्या घ्या.

दुसरं काम पुराव्याचं, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. हाब्रेच्या तुरुंगातून सुटलेला सुलेमान गेंगेंग नावाचा एक हिशेबनीस होता. त्यानं सोबतच्या ७९२ पीडितांच्या हकिगती गोळा केल्या आणि आठ वर्षं लपवून ठेवल्या. तेव्हा कोणतंही कोर्ट उभं नव्हतं. कोर्ट नंतर आलं, वही आधी तयार होती. हाशिमपुऱ्यात १९८७ मध्ये पीएसीच्या जवानांनी मुस्लिम तरुणांना ट्रकमध्ये भरून नेऊन मारलं. २०१५ मध्ये सगळे आरोपी सुटले. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सोळा जणांना जन्मठेप दिली, ती नव्यानं पुढे आलेल्या सरकारी नोंदवहीतल्या नोंदींमुळे. त्याच दिवशी एका छायाचित्रकारानं काढलेले फोटोही टिकून होते.

म्हणून सांगतो. आपल्या गावात, गल्लीत काही घडलं तर व्हिडिओ लगेच ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. फॉरवर्ड होता होता त्याची मूळ माहिती पुसली जाते. मूळ फाइल, ज्या फोनवर काढली तो फोन, तारीख, वेळ, जागा जपून ठेवा. नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फाइलवरूनच सोपं जातं. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत, 'झिरो एफआयआर' नोंदवावीच लागते. वैद्यकीय कागद, पंचनामा, रुग्णालयाची चिठ्ठी, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि वांशिक हिंसा किंवा जातीय अत्याचाराच्या पीडितांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं.

तिसरं काम भाषेचं. कोब्लेन्झचा खटला जर्मनमध्ये चालला. ज्यांच्यासाठी तो होता त्या सीरियन लोकांना तो समजतच नव्हता. शेवटी जर्मनीच्या घटना न्यायालयानं मान्यताप्राप्त अरबी पत्रकारांना भाषांतर ऐकू द्या, असा आदेश दिला. आपलीही तीच गत आहे. आपल्या हक्काचे निकाल इंग्रजीत पडून आहेत. सज्जन कुमार निकालातली ती चार-पाच पानं मराठीत आणि उर्दूत आणायला एखाद्या लॉ कॉलेजच्या पोराला एक आठवडा पुरेल.

'शहीद' हा शब्द आपण रोज वापरतो. ज्या धातूतून तो येतो, त्याच धातूतून 'शहादत' येतो, म्हणजे साक्ष. आष्टीच्या नावापुढे हा शब्द लागलाय, पण शेजारच्या चिमूरच्या बायकांची शहादत कुठल्याही कोर्टानं ऐकली नाही. भन्साळींनी त्यांच्यासाठी ६३ दिवस अन्न सोडलं, कारण त्यांच्याकडे तेवढंच साधन होतं. आपल्याकडे मतदान आहे, संसद आहे, फोन आहे, वही आहे.

त्या मुलाला मी पुढच्या जुम्म्याला गाठलं. म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता, मी चुकीचं बोललो." सगळं ऐकून त्यानं विचारलं, "मग ते सतरावं कलम बदलायला किती वर्षं लागतील?" मला माहीत नाही, हे मी या वेळी सरळ सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण माझ्या ऑफिसात बसून १९६० चा कायदा मराठीत उतरवायला सुरुवात करतोय. वर्ध्यात असाल तर या. येताना वही आणा.